राष्ट्रीय उद्यानाच्या वेशीवर फिरत्या घराचा मुक्काम

स्वयंपाकाचा ओटा, निजण्याचे फळ्यांचे पलंग आणि शौचकूप एवढे सर्व ज्याच्या पोटात सामावले आहे असे कॅराव्हॅन नावाचे वाहन भाड्याने घेऊन अथवा स्वतः बांधवून ताडोब्याच्या अरण्यात चार दिवस राहून यावे, असा बेत परभणी, सेलू, जिंतूर किंवा गंगाखेडच्या ज्या कुटुंबांत शिजत असेल, त्यांनी सर्वप्रथम एक गोष्ट मनाशी पक्की करावी, ती ही की आपल्याकडे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत स्वतःचे वाहन उभे करून त्यात रात्र काढण्याची मुभा नसते. अमेरिकेतील पद्धत निराळी आहे. तेथे १८७२ साली स्थापन झालेल्या यलोस्टोनसारख्या उद्यानात खुद्द वनाच्या पोटातच वाहनांसाठी आखून दिलेल्या जागा असतात आणि कुटुंबेच्या कुटुंबे तेथे आठवडाभर तळ देऊन राहतात. तिकडे शिकावयास वा नोकरीस गेलेल्या आपल्या मुलांनी पाठविलेली छायाचित्रे पाहून इकडेही तसेच असेल अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून आत शिरणे, तेथे विस्तव पेटविणे अथवा शस्त्र नेणे हे सर्व अपराध आहेत, आणि ज्या अरण्याच्या चहूकडे माणसांची दाट वस्ती आहे त्या अरण्याला रात्रीची निवांत वेळ तरी निर्वेध मिळावी, यात अन्याय कसला? म्हणून आपला मुक्काम वेशीबाहेरचा. या लेखातील पुढील सर्व सूचना त्या एका मर्यादेला अनुसरून आहेत.

वेशीबाहेर म्हणजे कोठे, हा पुढचा प्रश्न. ताडोब्याची मोहर्ली, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी, खुटवंडा अशी प्रवेशद्वारे आहेत, आणि त्यांपैकी मोहर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे. राज्य शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केल्यापासून अशा वाहनांना महामंडळाच्या आवारांत जागा, पाणी व वीज मिळण्याची वाट मोकळी झाली आहे. तथापि धोरण कागदावर असणे आणि आपण पोहोचू त्या सायंकाळी त्या विशिष्ट आवारात जागा रिकामी असणे यांत तफावत असू शकते. यास्तव निघण्यापूर्वी निदान महिनाभर आधी दरखास्त करावी, तीत वाहनाची लांबी, रुंदी व उंची, माणसांची संख्या, विजेची गरज आणि येण्या-जाण्याच्या तारखा स्पष्ट नमूद कराव्यात, आणि उत्तर लेखी घ्यावे. तोंडी ‘या, बघू’ या शब्दांवर विसंबून लेकराबाळांसह शंभर कोसांची वाट तुडवू नये. खासगी निवासस्थानेही पुष्कळ आहेत व त्यांपैकी काहींचे चालक आपल्या आवारात वाहन उभे करू देतात. क्वचित एखाद्या शेतकऱ्याच्या खळ्यावर राहण्याचा योग आला, तर जमीन मालकीची आहे की वनखात्याची, याची रुजुवात आधी करावी, पोलीस पाटलास वर्दी द्यावी, आणि ठरलेली रक्कम संकोच न बाळगता पहिल्याच संध्याकाळी हाती ठेवावी. रस्त्याच्या कडेला मोकळे दिसणारे माळ बहुधा वनहद्दीतच मोडतात. तेथे ‘कोणी काही म्हणणार नाही’ या भरवशावर थांबणे अयोग्य होय.

परभणीकरास ताडोबा जवळ नाही. वसमत मार्गे नांदेड, तेथून अर्धापूर, उमरखेड, महागाव, आर्णी करीत यवतमाळ, आणि पुढे वणी मार्गे चंद्रपूर अशी ही वाट चारशे किलोमीटरांच्या आसपास भरते, व अवजड वाहनाने ती एका दिवसात उरकण्याचा हट्ट धरणे हे थकव्याला निमंत्रण देण्यासारखे आहे. यवतमाळात रात्र काढून दुसऱ्या दिवशी दुपारी उजेडात मोहर्ली गाठावी. ज्यांचा हा पहिलाच प्रसंग असेल त्यांना माझा आग्रहाचा सल्ला असा, की ताडोब्याची घाई न करता पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर अभयारण्य आधी पाहावे. ते राष्ट्रीय उद्यान नव्हे. क्षेत्रही दीडशे चौरस किलोमीटरांच्या आतच. पण तेथे वाघ आहेत, सुन्ना व माथणी अशी द्वारे आहेत, वाट त्या मानाने तोकडी आहे, आणि नवशिक्या कुटुंबाला फिरत्या घराची सवय होण्यास असे लहान ठिकाण अधिक सोयीचे पडते. मेळघाटातील गुगामल राष्ट्रीय उद्यानाकडे हिंगोली, वाशीम, अकोला, अकोट या मार्गाने जाता येते. परंतु सातपुड्याचे घाट अरुंद व वळणाचे असल्यामुळे मोठे वाहन तिकडे प्रथमच नेऊ नये. अरण्यांतून जाणाऱ्या काही रस्त्यांवर रात्रीची रहदारी बंद ठेवलेली असते, हेही ध्यानात असू द्यावे.

ऋतूविषयी लोकांत दोन मते आहेत. वैशाखात पाणवठे आटतात, उरलेल्या थोड्या पाण्यावर जनावरे येतात आणि व्याघ्रदर्शनाचा संभव वाढतो, म्हणून पुष्कळ लोक मे महिना पसंत करतात. जे पक्क्या खोलीत राहणार आहेत त्यांच्यापुरते ते खरे. पण चंद्रपूरचा उन्हाळा देशातील अत्यंत कडक उन्हाळ्यांपैकी एक, आणि पत्र्याचे वाहन दिवसभर त्या उन्हात उभे राहिल्यावर मध्यरात्रीपर्यंत त्याच्या भिंतींची धग जात नाही. वृद्धांना व तान्ह्या मुलांना घेऊन अशा घरात राहणे मी तरी कदापि सुचविणार नाही. कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. मंगळवारी ताडोब्याचे गाभा क्षेत्र बंद असते, व पावसाळ्यात जुलैपासून सप्टेंबरअखेर ते पर्यटकांस मिटलेले असते. तेव्हा तारखा ठरविताना पंचांगाबरोबर हेही पाहावे.

वाहनाच्या कागदपत्रांतील दोन बाबी डोळ्यांखालून घालाव्यात. जुन्या प्रवासी गाडीतील आसने उपटून तेथे पलंग व शेगडी बसवून घेण्याची हौस अलीकडे वाढली आहे. मात्र १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीच्या मूळ तपशिलात असा फेरफार परिवहन कार्यालयाच्या मंजुरीवाचून करता येत नाही, आणि अपघात घडल्यास विम्याची कंपनी नेमके याच मुद्द्यावर बोट ठेवण्याचा धोका असतो. दुसरे, नोंदणी पुस्तकातील एकूण भारित वजन. हलक्या मोटार वाहनाचा परवाना साडेसात हजार किलोपर्यंतच्या वाहनांना पुरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ च्या निर्णयात स्पष्ट केले आहे. भाड्याच्या वाहनाबरोबर चालक येत असेल तर त्याच्या निजण्या-जेवण्याची तजवीज आपल्याकडेच आहे असे समजावे. दिवसभर गाडी हाकणाऱ्या माणसाला रात्री पुढच्या आसनावर अवघडून बसवून आपण आत पलंगावर लवंडावे, हे माणुसकीस धरून नाही. वाहनाची उंची मात्र चालकाच्या समोर ठळक अक्षरांत रंगवून ठेवावी, कारण खेड्यांच्या स्वागतकमानी, रेल्वेखालचे बोगदे, रस्त्यावर झुकलेल्या बाभळी व लोंबत्या विजेच्या तारा या मोटारीत बसणाऱ्याच्या नजरेस एरवी कधी येतच नाहीत.

एवढे झाल्यावर एक रात्र आपल्याच आखाड्यावर काढून पाहावी. जेथे विहीर आहे, सालगडी आहे आणि काही अडल्यास घर हाकेच्या अंतरावर आहे, तेथे जी उणीव उघडकीस येईल ती परमुलखात उघडकीस येण्यापेक्षा केव्हाही बरी. आपल्या जिल्ह्याला मुक्काम हलविण्याची विद्या नवी नाही. शेगावहून पंढरपुरास जाणारी श्री गजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा, गंगाखेड या वाटेनेच पुढे जाते, आणि तिच्याबरोबर चालणारे व्यवस्थेकरी शेकडो माणसांचे भोजन व निद्रा ज्या शिस्तीने रोज नव्या गावी मांडतात व पहाटे उचलतात, ती शिस्त ज्याने जवळून न्याहाळली आहे त्यास चार माणसांचा सरंजाम सांभाळणे जड जाऊ नये. कोणती वस्तू कोणत्या खणात, कोण पाणी पाहील, कोण शेगडी बंद झाल्याची खात्री करील, हे आखाड्यावरच वाटून द्यावे.

उभे राहण्याच्या जागी पोहोचल्यावर पहिले काम सपाटीचे. स्वयंपाकाच्या ओट्यावर काठोकाठ भरलेला पाण्याचा लहान तांब्या ठेवावा. ज्या बाजूने पाणी काठाशी येते ती बाजू खाली आहे असे जाणून तिकडच्या चाकाखाली बाभळीची जाड फळी सारावी, व पाणी चोहीकडे सारखे दिसू लागले की सर्व चाकांपुढे-मागे दगड अथवा लाकडी ठोकळे घट्ट बसवावेत. ही खटपट निरर्थक वाटेल, पण तिरप्या वाहनात रात्रभर डोके खाली राहते, मोरीचे पाणी उलट फिरते, आणि वायूवर चालणारे शीतपेटीचे यंत्र नीट काम करीत नाही.

पाण्याचा हिशेब मराठवाड्याच्या माणसाला शिकवावा लागत नाही, तरी आकडे सांगतो. शंभर लिटरची टाकी भरली की वाहनावर एक क्विंटल ओझे चढते, म्हणून ती गावाहून भरून नेऊ नये, मुक्कामाजवळ भरावी. माणशी पंधरा लिटर धरल्यास चौघांना दिवसाला साठ लिटर लागतात, म्हणजे ती टाकी दोन दिवसही टिकत नाही. पिण्याचे पाणी वेगळ्या भांड्यात असावे. उष्टी भांडी आधी कागदाने वा पानाने स्वच्छ पुसून मगच विसळली, तर निम्मे पाणी वाचते. खेड्याच्या हातपंपावरून पाणी घेताना आधी तेथल्या बायकांच्या कळशा भरू द्याव्यात.

विजेचे गणितही असेच. बारा व्होल्टची शंभर अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी बाराशे वॉट-तास धरते, पण तिचे आयुष्य राखावयाचे तर त्यातील निम्मेच, सहाशे, वापरावेत. तीस वॉटचा पंखा आठ तास चालला की दोनशे चाळीस गेले, दिव्यांना शंभर, दूरध्वनी भारित करण्यास साठ, उरले दोनशे. म्हणजे वातानुकूलन यंत्र त्या बॅटरीवर दहा-बारा मिनिटांपलीकडे चालणारच नाही, आणि त्यासाठी डिझेलचे जनित्र रात्रभर धडधडत ठेवणे हा अरण्याच्या शेजारी केलेला अत्याचार आहे. हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. आवारातील पंधरा अँपिअरच्या जोडणीवर काम भागते. ती जोडणी भूयोजित आहे की नाही हे मात्र साध्या परीक्षक-पेचकसावर विसंबून न ठरविता तेथील वीजतंत्र्याकडून पाहून घ्यावे.

स्वयंपाकाच्या वायूविषयी एकच गोष्ट, पण ती जिवाशी निगडित आहे. हा वायू हवेहून जड असल्यामुळे गळल्यास वर न जाता जमिनीवर साचतो. म्हणून सिलिंडरच्या खणाला तळाशी बाहेर उघडणारी भोके असलीच पाहिजेत, आणि निजण्यापूर्वी शेगडीचीच नव्हे तर सिलिंडरचीही चावी बंद केली पाहिजे. दारे-खिडक्या मिटून आत शेगडीची ऊब घेत झोपणे प्राणघातक आहे. पहिल्या दोन दिवसांचे जेवण घरूनच न्यावे. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, ठेचा व लोणचे एवढ्यावर मराठवाड्याचे प्रवासी पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. त्याने वायू वाचतो, पाणी वाचते, आणि तळणाचा जो दरवळ रात्री दूरवर जातो तोही टळतो.

आता मलमूत्राचा प्रश्न, ज्याविषयी माहितीपत्रके मौन पाळतात आणि ज्यावर या सर्व प्रवासाची सभ्यता अवलंबून आहे. वाहनातील शौचकुपाखाली वीस लिटरांच्या आसपास मावणारी एक पेटी असते. चौघांच्या कुटुंबात ती दोन दिवसांत भरते. अमेरिकेत अशा पेट्या रिकाम्या करण्यासाठी तळावरच निराळी स्थानके असतात. आपल्याकडे ती अद्याप क्वचितच आढळतात. म्हणून ज्या आवारात उतरावयाचे तेथील मैलाकुंडीत ती ओतण्याची इजाजत, जागा मागतानाच, त्याच दरखास्तीत स्पष्ट शब्दांत मागून ठेवावी. पेटीत दुर्गंधीनाशक म्हणून घालावयाचे तीव्र रसायन असेल तर मैलाकुंडीतील जे सूक्ष्म जंतू घाण पचवितात तेच त्याने मरतात, यास्तव जैविक प्रकारचे द्रव्य घ्यावे. नाल्यात, शेताच्या बांधाशी अथवा रात्रीच्या अंधारात रस्त्याकडेच्या खड्ड्यात पेटी उपडी करणाऱ्याने हे स्मरावे, की तोच नाला पुढे गावाच्या गुरांचे आणि अरण्यातील चितळांचे पिण्याचे पाणी होतो. मोरीचे सांडपाणीही असेच वाहू देऊ नये; ते बादलीत धरावे आणि मालकास विचारून परसातील झाडांना घालावे. कोरडा कचरा पिशवीत बांधून परभणीस परत आणावा, कारण वेशीवरच्या लहान ग्रामपंचायतीपाशी तो जिरविण्याचे साधन नसते. उरलेले अन्न वानरांपुढे टाकणे हे पुण्यकर्म नव्हे. माणसाच्या हातचे खाण्यास चटावलेले वानर पुढे दुसऱ्याच्या हातावर झडप घालते.

सूर्यास्तानंतर वाहनाच्या उजेडाबाहेर कोणी एकटे जाऊ नये. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या व बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे बळी पडत आली आहेत, आणि त्यांत बहुसंख्य पर्यटक नसून सरपण, मोहफुले वा तेंदूची पाने आणावयास गेलेले गोरगरीब ग्रामस्थ आहेत; ज्या भीतीत ती माणसे बारमाही जगतात तिचा मान राखणे पाहुण्यांचे कर्तव्य आहे. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले गळतात तेव्हा पहाटे त्या झाडांखाली अस्वले येतात. वाकून फुले वेचणारी बाई जनावरास माणूस वाटत नाही, असे तेथील वाटाडे सांगतात, आणि म्हणून लहान मुलांनी ओणवे बसून खेळण्यास किंवा कोणी पहाटे झुडपांत जाण्यास सक्त मनाई असावी. याच कारणासाठी वाहनातील शौचकूप रात्री हाताशी असणे ही चैन नसून सुरक्षिततेची बाब आहे. पायरीजवळ मंद पिवळा दिवा पुरतो. पांढरा प्रखर झोत किडे गोळा करतो, किड्यांमागे बेडूक व पाली, आणि त्यांच्यामागे साप. जोडे आत घेऊन निजावे, सकाळी झटकूनच घालावेत. मण्यार ही रात्रीची सर्पजात अंथरुणात शिरते आणि तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही, तेव्हा जमिनीवर बिछाना घालण्याचा मोह आवरावा. दंशाची नुसती शंका आली तरी मांत्रिकाच्या वा घरगुती औषधाच्या नादी न लागता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी; जवळच्या शासकीय रुग्णालयाचे नाव व वाट पहिल्याच दिवशी चालकाने विचारून ठेवलेली असावी.

प्रत्यक्ष अरण्यदर्शनास आपले फिरते घर उपयोगी नाही. ते मुक्कामीच राहते. उद्यानाच्या आत ठरावीक उघड्या जिप्सी गाड्यांतून, सोबत नोंदणीकृत वाटाड्या घेऊन जावे लागते, एका गाडीत सहा पर्यटक बसतात, आणि सकाळची व दुपारची अशा दोन फेऱ्या असतात. आरक्षण शासनाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावे व त्यात नोंदविलेले ओळखपत्र मूळ स्वरूपात जवळ बाळगावे. नुसत्या प्रतीवर द्वारपाल सोडीत नाहीत. ताडोब्याच्या गाभ्यात भ्रमणध्वनी नेण्यास बंदी आहे. तो वाहनात कुलपात ठेवून जावे आणि ते तीन-चार तास मोकळ्या डोळ्यांनी व मोकळ्या कानांनी पाहावे, ऐकावे. चितळाचा एक तीक्ष्ण सूर व झाडाच्या शेंड्यावरून वानराची खाकर ऐकून गाडी थांबविणारा वाटाड्या जे दाखवितो ते पाहण्यासाठी एवढा खटाटोप होता.

ज्यांची मुले परदेशी आहेत व ज्यांना यलोस्टोनमध्ये अशा वाहनातून राहण्याचा योग येणार आहे, त्यांच्यासाठी थोडे. तेथील फिशिंग ब्रिज या तळावर पाणी, वीज आणि मैलानिःसारण या तिन्ही जोडण्या मिळतात, पण अस्वलांच्या वावरामुळे तंबूला किंवा कापडी छपराच्या वाहनाला तेथे मज्जाव आहे. जागा महिनोन् महिने आधी राखून ठेवाव्या लागतात, वाहनाच्या लांबीप्रमाणेच जागा मिळते, आणि अन्नाचा कण वा तेलकट भांडे बाहेर ठेवल्यास दंड होतो. आपल्या आयाबायांनी तिकडे सवयीने चिमण्या-कावळ्यांसाठी बाहेर घास ठेवू नये, एवढे मुलांनी त्यांना आधी सांगावे.

परतल्यावर काम संपत नाही. पाण्याची टाकी पूर्ण रिकामी करून तिचा नळ दोन दिवस उघडा ठेवावा, नाहीतर आत शेवाळ धरते. मैलापेटी धुवून उन्हात वाळवावी. शीतपेटीचे दार किलकिले ठेवून मध्ये लाकडाचा तुकडा अडकवावा. बॅटरी पूर्ण भारित करून तिची ऋण बाजूची तार सोडवून ठेवावी. टायरांतील हवा, खणांची सैल झालेली बिजागरे, कोठे पाणी झिरपल्याचा डाग, हे एका वहीत टिपून ठेवावे, म्हणजे पुढच्या वेळी निघताना मिस्त्रीला काय दाखवावयाचे ते आठवत बसावे लागत नाही. आणि मोहर्लीच्या ज्या माणसाने जागा दिली, त्यास आपण सुखरूप पोहोचल्याचे दोन ओळींचे पत्र अथवा निदान निरोप धाडावा.